आईच्या चालीने व्हिएन्नापर्यंत

"तुम्ही जाऊन या. माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको."

हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी उच्चारले गेले असेल. लग्नकार्य असो, देवदर्शन असो वा परगावची सहल असो, घरातील वृद्ध माणूस स्वतःच स्वतःला वगळतो. आणि उरलेले सारे, थोडे हळहळत व थोडे सुटकेचा निःश्वास टाकत, ते मान्य करतात. माझ्या आईनेही हेच म्हटले. फरक इतकाच, की या वेळी जायचे होते व्हिएन्नाला, आणि तेथे जिला पाहायचे होते ती माझ्या भावाची दीड वर्षाची मुलगी होती. आईने आपल्या या नातीला तोवर केवळ फोनच्या पडद्यावर पाहिले होते.

आईचे वय त्र्याहत्तर. पाच वर्षांपूर्वीच्या अर्धांगवायूने तिची डावी बाजू दुबळी झाली. घरात ती चार पायांच्या काठीने हिंडते; अंतर जास्त असेल तर चाकाची खुर्ची लागते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पायांनी खणखणीत, परंतु दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारे. सोबत माझी नऊ वर्षांची मुलगी आणि मी. हाताशी पैसा मोजकाच. वाचकहो, तुमच्याही घरात असेच कोणी 'मी राहते मागे' म्हणत असेल, तर आमच्या या चौघांच्या प्रवासाची आखणी कशी झाली, कोठे चुकली आणि कशी सावरली, हे तुमच्या उपयोगी पडावे म्हणून सांगते.

एकच वाट, चार मुक्काम

युरोप म्हटले की आपल्याकडे दहा दिवसांत सात देश असा हिशोब मांडला जातो. दुबळ्या शरीराला तो झेपत नाही. रोज सामान बांधणे, रोज नवे स्नानगृह, रोज नवा पलंग यांनीच माणूस अर्धा थकतो. म्हणून आम्ही एकच लोहमार्ग निवडला: झुरिक ते व्हिएन्ना. ही थेट गाडी सुमारे आठ तासांत हा प्रवास पुरा करते. आम्ही त्याचे तीन तुकडे केले. झुरिक ते इन्सब्रुक साडेतीन तास, इन्सब्रुक ते साल्झबुर्ग जेमतेम दोन तास आणि तेथून व्हिएन्ना अडीच तास. एका दिवसात चार तासांहून अधिक बसायचे नाही आणि कोठेही गाडी बदलायची नाही, हे आमचे दोन नियम. स्थानकावरील धावपळ ही मुख्यतः गाडी बदलतानाच होते. ती टाळली की निम्मी चिंता मिटते.

झुरिक महाग, म्हणून तेथे दोनच रात्री. इन्सब्रुकला दोन, साल्झबुर्गला तीन आणि व्हिएन्नाला सात. सर्वाधिक रात्री ऑस्ट्रियात असल्याने शेंगेन व्हिसासाठी अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागला. नियम तसाच आहे. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो दिलेला असावा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांसाठी ४५. काळ निवडला तो सप्टेंबरचा. जुलै-ऑगस्टची गर्दी व दर ओसरलेले असतात, आणि साध्या निवासांत वातानुकूलन क्वचितच असल्याने ज्येष्ठांना उन्हाळ्याचा त्रासही होत नाही.

राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेली छोटी घरे घेतली. खर्च तर वाचतोच. शिवाय इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला वेळेवर वरणभात मिळणे ही चैन नव्हे, गरज आहे. बरोबर भाजणी, मेतकूट, पोहे, मुगाची डाळ नेली. पेढे, खवा, तूप यांसारखे दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ मात्र भारतातून तेथे नेण्यास मनाई आहे, हे लक्षात असू द्या. प्रेमाने दिलेला डबा सीमाशुल्काच्या टेबलावर सोडून येणे जिवावर येते.

स्वस्त तिकीट नेहमीच स्वस्त नसते

येथे आमच्यात थोडा वाद झाला. भावाचे म्हणणे, काही महिने आधी काढलेली सवलतीची तिकिटे पासापेक्षा स्वस्त पडतील. ते खरेच होते. परंतु अशी तिकिटे एका ठरावीक गाडीला बांधलेली असतात. ती गाडी चुकली की तिकीट बहुधा वाया जाते. बाबांनी चाळीस वर्षे रेल्वेत गार्ड म्हणून काढली. ते म्हणाले, "गाडी वेळेवर सुटणारच. प्रश्न तुझी आई त्या सकाळी वेळेवर उठू शकेल का, हा आहे." त्यावर कोणाला काही बोलता आले नाही.

आम्ही युरेलचा पास घेतला. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी तो असतो. युरोपातील रहिवाशांचा पास निराळा. एका महिन्यात कोणतेही चार दिवस प्रवास करण्याची मुभा असलेला पास आम्हांला पुरेसा होता. साठ वर्षांवरील प्रवाशांना त्यात दहा टक्के सवलत मिळते, आणि अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रौढाबरोबर मोफत पास मिळतो. आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. फ्रान्स, इटली व स्पेनमधील वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना पासाखेरीज आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व जर्मनीतील बहुतेक दिवसाच्या गाड्यांना आरक्षण सक्तीचे नाही. आमच्या मार्गाची निवड करताना हेही कारण होतेच. अर्थात ज्येष्ठांना जागा हमखास हवी, म्हणून थोडे पैसे देऊन ती राखून ठेवावी हे उत्तम.

मदत हा उपकार नव्हे

आपल्याकडील माणसाला मदत मागताना संकोच वाटतो. तेथे मात्र तो प्रवाशाचा हक्क मानलेला आहे. युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांविषयीचा सुधारित कायदा जून २०२३ पासून लागू झाला आहे. अपंग किंवा चालण्यास अडचण असलेल्या प्रवाशाने सर्वसाधारणपणे चोवीस तास आधी कळवले, तर गाडीत चढण्या-उतरण्याची मदत विनामूल्य मिळते. काही देशांना थोडी अधिक मुदत मागण्याची सवलत दिलेली असल्याने आम्ही तीन दिवस आधी कळवत असू. स्वित्झर्लंड संघाचा सदस्य नाही. परंतु तेथील रेल्वेचीही अशीच मोफत सेवा आहे. इटलीत हे काम स्थानकांवरील 'साला ब्लू' नावाचे कक्ष करतात.

कळवताना काय सांगावे? खुर्चीची लांबी, रुंदी आणि माणसासह वजन. ती हाताने ढकलायची की विजेवर चालणारी. प्रवाशाला एखादी पायरी चढता येते का. खुर्चीतून उठून गाडीच्या आसनावर बसता येते का. ही माहिती कागदावर आधीच लिहून ठेवा. स्थानकावर भेटण्याची जागा व वेळ ते सांगतात. काही सांगितले नसेल, तर अर्धा तास आधी पोहोचावे.

झुरिकच्या फलाटावर आम्ही पाऊण तास आधीच हजर होतो. बाबांपुढे इलाज नव्हता. रेलजेटच्या दारात पायऱ्या असतात. एक कर्मचारी फलाटावरून चाकांची छोटी लिफ्ट ढकलत घेऊन आला, आईची खुर्ची तिच्यावर चढवली आणि आई अलगद वर गेली. "विठोबाच्या पालखीत बसवल्यासारखे वाटले," ती नंतर म्हणाली. डब्यात खुर्चीसाठी मोकळी जागा, शेजारी आमची आसने आणि दहा पावलांवर रुंद दाराचे शौचालय. सगळे योजल्याप्रमाणे होते.

डाव्या हाताला आधी झुरिकचे सरोवर, मग वालेनझे. वालेनझेच्या पलीकडच्या काठावर कातळाची भिंत उभी आहे. तिचे निळे प्रतिबिंब पाण्यात पडले होते. बुक्स या सीमेवरील स्थानकात गाडी थांबली आणि उलट दिशेने निघाली. आई घाबरली, "अगं, परत चाललो की काय आपण!" बाबांना अशा प्रश्नाचीच प्रतीक्षा होती. मनमाडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची दौंडला कशी दिशा बदलावी लागे, ते त्यांनी आईला व नातीला सविस्तर ऐकवले. पुढे आर्लबर्गचा बोगदा आला. दहा किलोमीटरहून लांब असलेला हा बोगदा १८८४ साली खुला झाला. "आपला बोरघाट १८६३ सालचा," बाबा म्हणाले, आणि अंधारात खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. त्यांचे डोळे भरले होते की काय, ते मला दिसले नाही.

औषधांची पिशवी

प्रवासाआधी आमच्या डॉक्टरांकडून दोघांची औषधे मूळ रासायनिक नावांनी लिहून घेतली होती. आपल्या गोळ्यांची येथील व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला कळत नाहीत. झोपेच्या व तीव्र वेदनाशामक औषधांवर देशोदेशी निर्बंध असतात, म्हणून त्यांच्यासाठी डॉक्टरांचे वेगळे पत्र हवे. सर्व औषधे मूळ वेष्टनात, आणि इन्सुलिन नेहमी हातातील पिशवीत. विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. उन्हाळ्यात मध्य युरोपचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. जाताना दिवस लांबतो, येताना आखूड होतो. त्या दोन दिवशी इन्सुलिन केव्हा व किती घ्यायचे, हे डॉक्टरांनी तासांसह लिहून दिले होते. हा हिशोब घरच्या घरी करू नये.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परंतु अत्यंत स्वस्त पॉलिसीत पूर्वीपासूनच्या आजारांचा खर्च बहुधा वगळलेला असतो. व्हिसा त्यावरही मिळतो. अडचणीत मात्र ती पॉलिसी कामास येत नाही. आम्ही येथे पैसे वाचवले नाहीत. युरोपीय संघात कोठेही तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. तो नातवंडांनाही पाठ करायला लावा.

इन्सब्रुकमधील सकाळ

आता चुकीविषयी. पाचव्या दिवशी सकाळी साल्झबुर्गला निघायचे होते. सामान बांधून झाले होते. आई पलंगावरून उठली आणि तोल जाऊन पुन्हा बसली. ओठ कोरडे, चेहरा ओढलेला, डोके गरगरत होते. अर्धांगवायू होऊन गेलेल्या माणसाला चक्कर आली की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. चेहरा वाकडा झाला आहे का, चांगला हात उचलता येतो का, बोलणे अडखळते का, हे मी पाहिले. यांतील एक जरी नवे चिन्ह दिसले असते, तर क्षणही न दवडता ११२ ला फोन करायचा होता. तसे काही नव्हते. तरी घरमालकिणीने लगेच डॉक्टरांना बोलावले. त्यांनी तपासले, रक्तदाब बसून व उभे राहून मोजला आणि विचारले, "काल दिवसभरात यांनी किती पाणी घेतले?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. कोणालाच ठाऊक नव्हते.

आईने दोन दिवसांत सकाळचा चहा आणि गोळ्यांपुरते दोन-दोन घोट पाणी, इतकेच घेतले होते. का, असे विचारल्यावर ती आधी काही बोलेना. नातीला दुसऱ्या खोलीत पाठवल्यावर म्हणाली, "गाडीत तुला उठवायचे, तू मला धरून उभी राहायचीस, बाहेर लोक थांबलेले. आणि स्थानकात एका वेळेला एक युरो! शंभर रुपये! त्यापेक्षा नाही प्यायले म्हणजे झाले."

दहा पावलांवरचे ते रुंद दाराचे शौचालय मी किती अभिमानाने शोधून ठेवले होते! आईला ते कोसभर दूर होते. मी खुर्चीचे माप घेतले होते, लिफ्टची चौकशी केली होती, औषधांची यादी तीन प्रतींत काढली होती, परंतु "तुला जायचे झाले तर तू मला सांगशील ना?" हे मी तिला विचारले नव्हते. घरीही, नातेवाइकांकडे जायच्या दिवशी ती पाणी पीत नसे, हे मला तेव्हा आठवले. पाच वर्षे हे माझ्या डोळ्यांसमोर चालले होते.

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येक जण प्रवासाच्या दिवशी असेच करत असतील. ज्येष्ठांना तहान मुळात कमी जाणवते. त्यात पाणी टाळले की रक्तदाब उतरणे, भोवळ, पडणे, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, एवढेच नव्हे तर गोंधळलेपणही ओढवते. ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे बंधन आहे, त्यांनी प्रवासातील प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी हेही विचारावे. मनाने ती बंद करू नये.

त्या दिवशी आम्ही निघालो नाही. पास असल्यामुळे प्रवासाचा दिवस नुसता एक दिवस पुढे सरकला. मदतसेवेला फोन करून नवी वेळ कळवली. साल्झबुर्गच्या एका रात्रीचे भाडे तेवढे बुडाले. बांधलेली तिकिटे असती, तर त्या सकाळी आम्ही आईला कदाचित ओढून नेले असते. त्या विचाराने आजही अस्वस्थ होते.

ठरवलेले नवे नियम

संध्याकाळी आई, बाबा आणि मी बसून काही गोष्टी ठरवल्या. दर दोन तासांनी मीच उठायचे आणि आईला "चल" म्हणायचे. तिने मागण्याची वाट पाहायची नाही. पाण्याची तिची स्वतःची अर्ध्या लिटरची बाटली, दुपारी व रात्री रिकामी झालेली बाबांना दाखवायची. सैल, पटकन सोडता येणारे कपडे. साडीचा आग्रह आईने स्वतःहून सोडला. प्रवासात शोषक पॅड वापरण्यात कमीपणा नाही, हेही तिने थोड्या वेळाने मान्य केले. आणि स्थानकातील शौचालयासाठी नाण्यांची एक वेगळी थैली नातीच्या गळ्यात अडकवली. "आजी, हे आपले बजेट," ती म्हणाली. एकदा पैसे बाजूला काढून ठेवले, की दर वेळी शंभर रुपयांचा हिशोब मनात येत नाही.

पिण्याच्या पाण्याला मात्र तेथे पैसे लागत नाहीत, हे आईला फार आवडले. झुरिकमध्ये बाराशेंहून अधिक कारंजी आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे पाणी पिण्याजोगे आहे. व्हिएन्नाच्या नळांना तर आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी येते. पहिली जलवाहिनी १८७३ सालापासून ते आणते आहे. बाटलीबंद पाण्याचा खर्च शून्य.

साल्झबुर्गचा रस्ता काही वेळ जर्मनीच्या हद्दीतून जातो; पारपत्र हाताशी ठेवावे. तेथे आम्ही किल्ला चढलो नाही की संग्रहालये पालथी घातली नाहीत. मिराबेल उद्यानात प्रवेशशुल्क नाही. दोन दिवस सकाळ तेथेच घालवली. जुन्या शहरातील दगडी फरसबंदीवर चाकाची खुर्ची खडखडते आणि पाठीला हिसके बसतात. त्यासाठी जाड उशी हवी. माझी मुलगी आणि बाबा जवळपास हिंडून येत, आई बाकावर बसून फुले पाही. कोणाचाही खोळंबा झाला नाही. आईच्या चालीने चालल्यामुळे आम्हां सर्वांनाच थोडे अधिक दिसले.

व्हिएन्ना

भावाच्या इमारतीत लिफ्ट नाही, म्हणून जवळच घर घेतले होते. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' असे होते. लिफ्ट होती, परंतु तिच्यापर्यंत पोहोचायला सात पायऱ्या होत्या. जुन्या इमारतींत असे पुष्कळदा असते. म्हणून "लिफ्ट आहे का?" असे न विचारता "रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या?" असे विचारा, आणि दाराचे व स्नानगृहाचे छायाचित्र मागवा. भाऊ आणि मी रोज त्या सात पायऱ्यांवर आईला आधार देत असू. शहराच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत मात्र लिफ्ट आहेत, त्यामुळे पुढचा दिवस सुरळीत जाई.

व्हिएन्नाच्या स्थानकावर उतरलो तेव्हा भाऊ, वहिनी आणि ती छोटी फलाटावर उभी होती. आईची खुर्ची लिफ्टवरून खाली येईपर्यंत नातीने ती यंत्रणा टक लावून पाहिली, आणि खाली येताच, आजीपेक्षा खुर्चीच्या चाकाचेच तिला अधिक आकर्षण वाटले. दोन दिवसांत ती आईच्या मांडीवर बसून उद्यानभर फिरू लागली. खुर्ची नसती तर आईला तिला उचलून घेता आले नसते. दुबळ्या हाताने ते शक्यच नव्हते.

खर्चाचा हिशोब परतल्यावर बाबांनी वहीत मांडला. ठरवलेल्यापेक्षा थोडा जास्त झाला: एक बुडालेली रात्र, आणि डॉक्टरांचे शुल्क विम्याकडून मिळेपर्यंत अडकलेले पैसे. शेवटच्या ओळीत 'नाणी, शौचालय' असा वेगळा रकाना होता.

तुमचा प्रवास युरोपचा असेल, नाहीतर नाशिक-पुण्याचा. नकाशा उघडण्यापूर्वी घरातील ज्येष्ठ माणसाजवळ शांतपणे बसा आणि विचारा, प्रवासात त्यांना नेमकी कशाची लाज वाटते, कशाची भीती वाटते. पहिल्या खेपेस उत्तर मिळणार नाही. पुन्हा विचारा. आणि तुम्हीच ते ज्येष्ठ असाल, तर आपल्या मुलांना ते सांगून टाका. आईने ते इन्सब्रुकऐवजी घरीच सांगितले असते, तर आम्हांला साल्झबुर्गची आणखी एक सकाळ मिळाली असती.